सुपरमार्केटच्या पार्किंगमधलं धुराडं

उंबरठा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आम्ही मॅसॅच्युसेट्सच्या पार पश्चिम टोकाला राहतो. बॉस्टनहून पानगळीचे रंग बघायला येणारी मराठी मंडळी रूट २ ने डोंगर चढतात, हेअरपिन वळणावर गाड्या थांबवून फोटो काढतात आणि खाली नॉर्थ अ‍ॅडम्समध्ये उतरून विल्यम्सटाउनच्या दिशेने निघून जातात. त्या वाटेवर उजव्या-डाव्या हाताला दुकानंच दुकानं आहेत. तिथेच एका सुपरमार्केटच्या पार्किंगच्या कडेला एक दगडी शेकोटी आणि तिच्यावर उभं धुराडं आहे. त्याला ना भिंत, ना छप्पर. घर जळून गेलं आणि चूल तेवढी उरली, असं वाटतं.

या गावात येऊन मला पाच वर्षं झाली. त्यातली चार वर्षं मी ते धुराडं येता-जाता बघत होते, पण हे काय आहे असं एकदाही कोणाला विचारलं नाही. कधीतरी इथे पिझ्झाचं दुकान असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. खरंच सांगते, हसू नका.

यंदा लेक तिसरीत गेली. इथे तिसरीला स्थानिक इतिहास असतो, त्यात तिच्या वाट्याला ‘फोर्ट मॅसॅच्युसेट्स’ आला. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. धुराडं त्याच किल्ल्याचं, म्हणजे त्याच्या नकलेचं. मूळ किल्ला १७४५ मध्ये हूसिक नदीकाठी बांधला होता. १९३३ मध्ये त्याची प्रतिकृती उभारली गेली. ती पुढे गेली, तिची शेकोटी मागे राहिली.

किल्ला म्हटल्यावर डोळ्यांपुढे राजगड-तोरणा आणू नका. हा लाकडी ओंडक्यांचा कोट होता. आत राहायच्या खोल्या, एका कोपऱ्यात ब्लॉकहाउस, टेहळणीचा मचाण, एक विहीर. तोही टेकडीवर नाही, नदीकाठच्या सखल जागेत, आणि उत्तरेच्या उंचवट्यावरून आत डोकावता येईल असा. पूर्वेला फोर्ट शर्ली, फोर्ट पेलहॅम आणि इथे हा. न्यू फ्रान्सकडून, म्हणजे आजच्या कॅनडातून, येणाऱ्या टोळ्या अडवायला मॅसॅच्युसेट्स वसाहतीने घातलेली ही ओळ होती, आणि हा तिचा सगळ्यात पश्चिमेचा, सगळ्यात एकटा मणी.

ऑगस्ट १७४६. किल्लेदार कॅप्टन इफ्रेम विल्यम्स जागेवर नव्हता, कॅनडावरच्या मोहिमेच्या तयारीत गुंतला होता. मागे सार्जंट जॉन हॉक्स. आत रक्ताची आव पसरलेली, निम्मे शिपाई अंथरुणाला खिळलेले. १५ तारखेला जॉन नॉर्टन नावाचा पाद्री फोर्ट शर्लीहून इथे पोचला. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर चौदा माणसं घेऊन डिअरफील्ड गावाला गेला. तेव्हा आत उरले २२ पुरुष, ३ बायका आणि ५ मुलं. तीस जीव. मंगळवारी १९ तारखेला सकाळी आठ-नऊच्या सुमाराला रिगो द व्होद्रेयचं फ्रेंच आणि अबेनाकी वगैरे मूळनिवासींचं सैन्य जंगलातून बाहेर आलं. सातशेच्या वर, काहींच्या मते नऊशे.

हॉक्सकडे बंदुकीची दारू उरली होती तीन-चार पौंड. हो, पौंडच. शिसंही तेवढंच. नेम पक्का असल्याशिवाय गोळी झाडायची नाही, असा त्याचा हुकूम होता. थॉमस नोल्टन मचाणावर मारला गेला, दोघे जखमी झाले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, साधारण अठ्ठावीस तास, हे चाललं. मग बोलणी झाली आणि किल्ला खाली करून दिला. शर्ती अशा: सगळे कैदी फ्रेंचांच्या ताब्यात राहतील, मूळनिवासींच्या हाती कोणालाही द्यायचं नाही, मुलं आईबापांजवळ राहतील, पहिल्या संधीला अदलाबदल होईल. त्यातली मधली शर्त लगेच मोडली. मित्र नाराज होतील म्हणून रिगोने काही कैदी त्यांना वाटून दिले, नॉर्टन विरोध करत राहिला.

किल्ला पेटवून दिला आणि तांडा उत्तरेला निघाला. पहिल्या मुक्कामालाच जोसाया रीड हा आजारी शिपाई गेला.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. कैद्यांत जॉन स्मिथची बायको होती, दिवस भरलेली. दुसऱ्या दिवशी वाटेत तिला कळा सुरू झाल्या. फ्रेंच शिपायांनी बसायला काहीतरी करून तिला तळावर आणलं आणि रात्री दहाच्या सुमाराला तिला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी नॉर्टनने बाप्तिस्मा दिला आणि नाव ठेवलं गेलं ‘कॅप्टिव्हिटी’. मराठीत सरळ सांगायचं तर ‘कैद’. मग शिपायांनी तिरडीसारखी चौकट बांधली, तिच्यावर हरणाचं कातडं, त्यावर अस्वलाचं कातडं अंथरलं, आणि ओल्या बाळंतिणीला बाळासकट त्यावर निजवून दोघं-दोघं आळीपाळीने वाहू लागले.

कॅप्टिव्हिटी स्मिथ वर्षाचीही झाली नाही. १७४७ मध्ये क्विबेकच्या कैदखान्यात वारली.

लेकीने हे वाचून विचारलं, “आई, असं नाव का ठेवलं? मोठी झाल्यावर तिला शाळेत चिडवलं नसतं का?” मला उत्तर देता आलं नाही. म्हणून तुमच्यापुढे टाकते. धुराड्याशेजारच्या फलकावर किल्ला, वेढा, तारीख सगळं आहे. बाळ कुठे आहे?

---

गवती_चहा

अंगावर काटा आला. तिरडीसारखी चौकट आणि तिच्यावर जिवंत बाळ.

नावाचं म्हणशील तर आपल्याकडेही असतंच की. सातारा जिल्ह्यात २०११ साली ‘नकुशी’ नावाच्या मुलींची नावं समारंभाने बदलली, तेव्हा माझी मावशी तिथे शिक्षिका होती. दगडू, धोंडू, केरू ही तर जगावं म्हणून ठेवलेली नावं. पण ‘कैद’ त्यातलं वाटत नाही. ते दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेलं नाही, नकोशी झाली म्हणूनही नाही. पाद्री आहे ना तो, त्याला बायबलमधलं बाबिलोनचं बंदिवासपर्व आठवलं असणार.

---

तळटीप

छान धागा. दोन-तीन गोष्टी भर म्हणून.

१. तारखा. फलकावरचा १९-२० ऑगस्ट हा जुन्या, ज्युलियन पंचांगाचा आहे. इंग्रजांनी ते १७५२ पर्यंत सोडलं नव्हतं. फ्रेंच नोंदींत हाच वेढा ३०-३१ ऑगस्टला येतो, मधे अकरा दिवसांचा फरक. शिवजयंतीच्या तारीख-तिथीवर रात्र-रात्र वाद घालणाऱ्या आपल्या मंडळींना हे वेगळं समजावून सांगायला नको.

२. हे सगळं ज्या युद्धात घडलं त्याला तिकडे ‘किंग जॉर्जचं युद्ध’ म्हणतात, पण तो युरोपातल्या ऑस्ट्रियन वारसायुद्धाचाच फाटा. आदल्या वर्षी, १७४५ मध्ये, न्यू इंग्लंडच्या लोकांनी फ्रेंचांचा लुईबूर्ग किल्ला (आजच्या कॅनडातला) जिंकला होता. आणि आता जरा दम धरा. फोर्ट मॅसॅच्युसेट्स पडल्यावर जेमतेम तीन आठवड्यांनी, सप्टेंबर १७४६ मध्ये, फ्रेंच आरमाराच्या ला बूर्दोनेने इंग्रजांचं मद्रास घेतलं. तिथल्या इंग्रज कैद्यांना फ्रेंच गव्हर्नर डुप्लेने पाँडिचेरीत मिरवलं. कोवळा क्लाइव्ह वेषांतर करून निसटला तो याच प्रकरणात. १७४८ च्या तहात फ्रेंचांनी मद्रास परत दिलं आणि बदल्यात लुईबूर्ग परत घेतलं. बॉस्टनचे लोक चिडले ते यावरच, की आम्ही रक्त सांडून घेतलेला किल्ला तुम्ही कुठल्या तरी हिंदुस्थानातल्या गावासाठी देऊन टाकलात.

म्हणजे तुमच्या पार्किंगमधल्या धुराड्याचा आणि मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा व्यवहार एकाच चोपडीत लिहिलेला आहे.

३. रिगो आधी दुसरीकडे जाणार होता. अबेनाकींनी त्याला इकडे वळवलं. त्यांचा कादेनारे नावाचा सरदार काही महिन्यांपूर्वी याच किल्ल्याजवळ मारला गेला होता, त्याचा वचपा काढायचा होता. किल्ल्याच्या बाजूने लिहिलेल्या इतिहासात त्याचा उल्लेख एखाद्या वाक्यात उरकतात.

---

उंबरठा

@तळटीप, मद्रासचं माहीतच नव्हतं! नवऱ्याला वाचून दाखवलं, तो चेन्नईचा आहे. म्हणाला, बघ, शेवटी आमच्याच गावामुळे.

---

काथ्याकूट

थोडं कडू बोलतो, माफ करा.

जमीन मोहिकनांची. तिच्यात जाऊन इंग्रजांनी कोट घातला, वसाहत वाढवायला. ज्यांची जमीन, त्यांच्या शेजाऱ्यांनी आणि फ्रेंचांनी मिळून तो जाळला. यात आपण कोणासाठी हळहळायचं? उद्या कोणी राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांसाठी धागा काढेल आणि आपण डोळे पुसू.

आणि ‘शूर हॉक्स’, ‘फोर्ट मॅसॅच्युसेट्सचा वीर’ वगैरे. शरणच गेला ना शेवटी?

---

मावळतीकर

काथ्याकूट, शरण जाण्याबद्दल एक सांगतो. दहा-अकरा माणसं धड, बाकी आवेने लोळताहेत, दारू तीन पौंड, बाहेर सातशे, आत पाच पोरं. नॉर्टनने लिहून ठेवलंय की सगळे धडधाकट असते, किंवा आत फक्त धडधाकट पुरुषच असते, तरी शेवटपर्यंत लढलो असतो. आजाऱ्यांचं आणि बायकामुलांचं काय, हा प्रश्न होता. आपल्याकडे याला कौल घेणं म्हणायचे आणि त्यात लाज नव्हती. मे १७३९ मध्ये वसईच्या पोर्तुगीजांना चिमाजी अप्पांनी तहाने सन्मानाने बाहेर जाऊ दिलंच की. वसईचं आज काय उरलंय? घंटा. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा घ्या, १७२१ सालची. पुरात पाणी तिला लागलं की गोदाकाठच्या लोकांना कळतं, आता सामान उचला. ती कोणत्या चर्चची, तिच्याखाली कोणी हात जोडले, हे कोण विचारतं?

राजापूरचंही काढलंत म्हणून. पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरला दारूगोळा पुरवला, म्हणून महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरची वखार लुटली, रेव्हिंग्टन वगैरे लोकांना पकडलं आणि सोनगडावर ठेवलं. १६६३ मध्ये ते सुटले. कैदेतून त्यांनी सुरतेला लिहिलेली पत्रं आजही वाचता येतात. चिडलेली, रडकी, कधी कंपनीलाच शिव्या देणारी. त्यांच्या बाजूने उभं राहायला नको. पण ती पत्रं नसती तर सोनगडावर त्या वर्षांत काय होतं हे आपल्याला कुठून कळलं असतं? कैदी लिहून ठेवतो म्हणून किल्ला कळतो.

---

उंबरठा

@काथ्याकूट, जमिनीबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि मी ते मूळ लेखात लिहायला हवं होतं. इथून दक्षिणेला तासाभरावर स्टॉकब्रिज आहे, तिथे १७३० च्या दशकात मोहिकनांसाठी मिशनचं गाव वसवलं होतं. या किल्लेदाराचाच बाप, थोरला इफ्रेम विल्यम्स, तिथल्या जमिनी घशात घालणाऱ्यांत आघाडीवर. आज स्टॉकब्रिजचे मोहिकन स्टॉकब्रिजमध्ये नाहीत, विस्कॉन्सिनमध्ये आहेत. हाकलत-हाकलत तिथवर पोचले.

धाकटा इफ्रेम १७५५ मध्ये लेक जॉर्जच्या लढाईत मेला. मृत्युपत्रात शाळेसाठी पैसे ठेवून गेला, अट अशी की गावाला माझं नाव द्या. ते विल्यम्सटाउन आणि तिथलं ते भारी महाग कॉलेज. त्याच्याकडे गुलाम होते, हे कॉलेजच्या टीशर्टवर छापलेलं नसतं.

पण बाळाने कोणाची जमीन घेतली होती हो?

---

काथ्याकूट

बाळाबद्दल वाद नाही. हरलो.

---

पोफळीचं_बन

एक अगदी बारीक प्रश्न. किल्ला जाळल्यावर नॉर्टनने तिथे चिठ्ठी ठेवली असं कुठेतरी वाचल्यासारखं वाटतंय. खरं का?

---

तळटीप

खरं आहे. निघण्यापूर्वी त्याने एक पत्र लिहून विहिरीच्या खांबाला ठोकलं. मजकुराचा सारांश: काल नवाच्या सुमाराला आम्हाला वेढा पडला, ते म्हणतात त्याप्रमाणे सातशे जण आहेत. दोघे जखमी, नोल्टन मारला गेला. फार अडचणीत होतो म्हणून शर्ती मान्य केल्या. आम्ही फ्रेंचांचे कैदी आहोत आणि प्रत्येक पुरुष, बाई, मूल यांची अदलाबदल होईल असं सेनापतीच्या सहीनिशी लिहून घेतलंय.

खांब म्हणजे विहिरीचं पाणी उपसायची जी लांब आडवी लाकडी दांडी असते, ती ज्या बेचक्यावर टेकते ते.

---

पोफळीचं_बन

अहो, म्हणजे लाट! आमच्या वाडीत अजून एक आहे. दांडीच्या एका टोकाला दगड बांधलेला, दुसऱ्याला कोळंबं, मधे बेचकं. दांडी त्या बेचक्यात घासून-घासून गुळगुळीत होते, उपसताना कुरकुरते. पंप आल्यापासून कोणी उपसत नाही, पण आजोबा ती काढू देत नाहीत.

सगळा कोट जळला आणि विहिरीचं बेचकं उभं राहिलं. त्यावर खिळा ठोकून कागद. हे डोळ्यापुढून हलत नाही. मागून येणारा माणूस आधी पाणी बघणार, हे पाद्र्याला कळत होतं.

---

बिनपगारी

धागा वाचताना पोहे करपले. धागाकर्तीने भरपाई द्यावी.

(अवांतर: ‘रेड इंडियन’ न लिहिता मूळनिवासी लिहिलंत हे बरं केलंत. मागच्या वेळी यावरून धागा दीडशे प्रतिसादांवर गेला होता.)

---

झिम्मा

मी बॉस्टनजवळ राहते, डिअरफील्डचं थोडं सांगते, कारण फोर्ट मॅसॅच्युसेट्सची गोष्ट तिथेच संपते. किंवा संपत नाही.

किल्ला घेतल्यावर पन्नास-साठ मूळनिवासींची एक तुकडी मुख्य सैन्याबरोबर परत न जाता डोंगर ओलांडून डिअरफील्डवर उतरली. २५ ऑगस्टला ‘बार्स’ नावाच्या कुरणात गवत कापणाऱ्यांवर हल्ला झाला. काही मेले, युनिस अ‍ॅलन या मुलीच्या डोक्यात कुऱ्हाड बसूनही ती जगली आणि तिचा धाकटा भाऊ सॅम्युएल पकडला गेला. त्या प्रसंगावर डिअरफील्डमधल्या लूसी टेरी नावाच्या गुलाम मुलीने एक पद्य रचलं. आफ्रिकन वंशाच्या व्यक्तीने अमेरिकेत रचलेलं सगळ्यात जुनं ज्ञात काव्य म्हणून आज ते शिकवतात. शंभरेक वर्षं ते फक्त तोंडातोंडी राहिलं आणि १८५० च्या दशकात छापलं गेलं. आपल्या ओव्यांसारखंच. ज्या गावाने तिला विकत घेतलं त्या गावाचं दुःख तिनेच लक्षात ठेवलं.

सॅम्युएलचं पुढे ऐका. तो या हॉक्सचाच भाचा. हॉक्स कैदेतून परत आला आणि १७४८ च्या हिवाळ्यात कैद्यांच्या अदलाबदलीसाठी पुन्हा कॅनडात गेला. भाचा समोर आणला तर तो मामाशी इंग्रजी बोलेना, यायलाच तयार नाही. जवळजवळ ओढून आणावं लागलं. ऐंशी ओलांडल्यावरही तो म्हणत असे, सगळ्यात सुखाचं जगणं त्यांच्यात होतं.

याचा फलक कुठे लावायचा, सांगा.

---

मावळतीकर

बापरे. आणि मामाची काय अवस्था झाली असेल. किल्ला गेला, दीड वर्ष गेलं, बर्फातून चालत गेला आणि पोरगं तोंड फिरवतंय.

---

झिम्मा

अजून एक. डिअरफील्डवर याआधी १७०४ मध्ये मोठा हल्ला झाला होता, ११२ लोक कैद करून नेले होते. तिथल्या मेमोरियल हॉलमध्ये १८८० च्या दशकातल्या संगमरवरी पाट्या आहेत, एकेका कैद्याच्या नावाच्या. त्यातल्या एका मुलीबद्दल कोरलंय की तिने एका रानटी माणसाशी लग्न केलं आणि ती तशीच झाली. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आधी हसू आलं, मग आलं नाही. आता म्युझियमने अशा मजकुरांवर नवा मजकूर लावलाय. तिथल्या पाद्र्याची मुलगी युनिस विल्यम्सही परत आलीच नाही. मॉन्ट्रियलजवळच्या कान्हावागेत, मोहॉक मूळनिवासींतच तिने संसार केला. १८३७ मध्ये तिचे वंशज डिअरफील्डला आजोळ बघायला आले होते, गावाच्या कडेला झोपड्या घालून राहिले. त्या भेटीची आठवण मला दगडी पाट्यांपेक्षा जास्त आवडते.

---

गवती_चहा

आजोळ बघायला आले! किती सुंदर शब्द वापरलास.

---

मावळतीकर

रात्री झोप लागेना म्हणून परत आलो.

मी दर वर्षी सहा जूनला रायगडावर जातो. पंधरा-वीस वर्षं झाली. गर्दी, ढोल, भगवे, पाऊस असेल तर चिखल. जातच राहणार. पण १६८९ च्या नोव्हेंबरमध्ये तोच रायगड वेढ्याने पडला. येसूबाई आणि लहानगे शाहू कैदेत गेले. शाहू १७०७ मध्ये सुटले, येसूबाई १७१९ मध्ये. तीस वर्षं. तिथून जाताना येसूबाईंच्या पालखीबरोबर कोण-कोण होतं? दासी, कारकून, हुजरे, त्यांची पोरं? वाटेत कोणी बाळंत झालं का? कोणी मागे राहिलं का?

नोव्हेंबरात मी एकदाही रायगडावर गेलेलो नाही. कोणीच जात नाही. नोव्हेंबरात तिथे हवा उत्तम असते, दरीत धुकं, पायऱ्यांवर ऊन, रोपवेला रांग नाही. हा धागा वाचेपर्यंत मला त्या महिन्याचं काही वाटलं नव्हतं.

---

काथ्याकूट

मावळतीकर, या नोव्हेंबरात जाणार असाल तर मला फोन करा. चित्त दरवाजाने पायीच चढू. मुद्दा काढून वाद घालणार नाही, शब्द.

---

बिनपगारी

शब्दावर विश्वास ठेवू नका. मी पाच वर्षं ओळखतो.

---

तळटीप

कैद्यांचं पुढे काय झालं ते राहिलंच. क्राउन पॉइंटच्या फ्रेंच किल्ल्यापर्यंत आठवड्याभराची वाट, मग तळ्या-नद्यांतून क्विबेक. ज्यांना चालवेना त्यांना मूळनिवासींनी पाठीवर घेतलं. मोझेस स्कॉटची बायको आणि मुलं, स्मिथचं थोरलं मूल, सगळी त्यांच्याच पाठीवरून गेली. नॉर्टन हे मोकळेपणाने लिहितो, म्हणून त्याच्यावर माझा विश्वास बसतो. वाटेत माणसं मेली त्यापेक्षा कितीतरी जास्त क्विबेकच्या कैदखान्यातल्या तापाने मेली. ठिकठिकाणचे शेकडो इंग्रज कैदी एकाच जागी कोंडलेले होते. नॉर्टन रोज लिहितो, आज अमका गेला, अमक्या गावचा. मधे कुठे कण्हणं नाही, नुसती नावं.

ऑगस्ट १७४७ मध्ये तो जहाजाने बॉस्टनला परतला आणि पुढच्या वर्षी ते छापलं. मुलगी कॅप्टिव्हिटी आपल्याला माहीत आहे ती त्या नोंदींमुळे. जॉन पेरी परतला तो बायकोला तिकडेच गमावून, आणि आल्यावर सरकारदरबारी जळालेल्या घरासामानाच्या भरपाईसाठी अर्ज करत बसला. बेंजामिन सायमंड्स या तरुण शिपायाचं नशीब चांगलं. तो जगला, त्याच खोऱ्यात परत येऊन स्थायिक झाला, त्याची मुलगी विल्यम्सटाउनमधलं पहिलं गोरं मूल म्हणून नोंदली गेली, आणि पुढे क्रांतियुद्धात तो कर्नल झाला. तिथे त्याच्या नावाचा रस्ता आहे.

---

उंबरठा

सायमंड्स रोड! लेकीचा नाचाचा क्लास त्याच रस्त्यावरून जाऊन लागतो. दर गुरुवारी.

तुम्हा सगळ्यांचे आभार मानायला आले होते, आणि प्रकल्पाचं सांगायला. बुटाच्या खोक्यात किल्ला केला आहे. आइसक्रीमच्या काड्यांचा कोट, विहीर म्हणजे बाटलीचं बूच, आणि पोफळीचं_बन यांच्यासाठी खास: लाटसुद्धा आहे, झाडाच्या खऱ्या बेचक्याची. त्यावर टाचणीने इवलासा कागद टोचलाय. माणसं म्हणजे आगकाड्या. तिने मोजून तीस ठेवल्या, बावीस निळ्या, तीन लाल, पाच मोडून अर्ध्या केलेल्या.

मग नोल्टनची काढली. रीडची काढली. आणि तिथे अडली. म्हणाली, बाळ किल्ल्यात नव्हतंच, मग खोक्यात कसं ठेवू?

शेवटी खोक्याचं झाकण उलटं करून शेजारी चिकटवलं, हिरवा रंग दिला, मधून एक तपकिरी वाट काढली. बाहेर पडलेल्या सगळ्या काड्या त्या वाटेवर एका रांगेत निजवल्या. दोन काड्यांची तिरडी केली, वर माझ्या जुन्या पर्सच्या अस्तराचा तुकडा, आणि त्यावर आगकाडीचं नुसतं गुल. काडी नाही.

काल रात्री झोपताना म्हणाली, उद्या शाळेत जाताना खोकं मी मांडीवर घेऊन बसणार, डिकीत नाही ठेवायचं.

आज धुराड्यासमोरूनच गेलो. वळणावर तिने दोन्ही हातांनी झाकण धरून ठेवलं होतं.